तेरवीची पाखरं

“पाखरू तेवढं काढून टाका,” पंजाबराव म्हणाले आणि लग्नपत्रिकेचा नमुना त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

गजालानं तो उचलून सरळ केला. बाभळीची फांदी, तिला लोंबणारा अर्धा विणलेला खोपा आणि त्याच्या दोन बाजूंना सुगरणीची जोडी. लग्नाला याहून शोभणारं दुसरं काय असेल, असं वाटून तिनं हौसेनं लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर तो ठसा कोरला होता.

“चांगलं नाई झालं काय, भाऊ?”

“चांगलं झालं, म्हणूनच तं पंचाईत हाय.” पंजाबरावांचं धामणगावच्या बाजारात धान्याचं दुकान होतं आणि घरचं प्रत्येक कार्य ते याच छापखान्यातून छापून घेत आले होते. म्हणून बोलताना त्यांची नजर जमिनीवरून वर येत नव्हती. “माही माय म्हातारी हाय. तिनं पत्रिका हातात घेतली अन् म्हणे, कोण गेलं? मंग घरातल्या बाया चूप बसल्या. तुमी मनाले लावून घेऊ नोका, बेटा. सादा गणपती टाका.”

गजालानं मान हलवली. मागं खाटेवर तिचे वडील, अब्दुल रहीम, पडून होते. उजवं अंग लकव्यानं गेलेलं, जीभ जड झालेली. पण कान शाबूत होते. त्यांनी डावा हात उचलून खणांच्या कपाटाकडे बोट दाखवलं, वरून दुसरा, डावीकडचा. गणपतीचा ठसा तिथंच होता. जन्मभर खिळे जुळवलेल्या माणसाला कोणत्या अक्षराचा खिळा कोणत्या खणात आहे, हे अंधारातही सांगता आलं असतं. गजालानं सुगरणी चौकटीतून काढल्या, गणपती बसवला आणि ट्रेडलच्या, पायानं चालवायच्या छपाईयंत्राच्या, पट्टीवर पाय ठेवला.

आधी ती अमरावतीला चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती. मुद्राचित्रण, म्हणजे ठसे कोरून चित्रं छापण्याचा विषय, तिनं घेतला, तेव्हा वर्गातली मुलं हसली होती. छापखानेवाल्याची पोरगी इथं येऊनही छापतेच आहे, म्हणाली होती. शेवटच्या वर्षाला असताना अब्बांना लकवा झाला. भाऊ शाकीब अकोल्याला मोबाइलच्या दुकानात रमलेला, त्याला खिळ्यांतलं काही कळत नव्हतं. हातातली कामं संपवून परत जाईन, असं आईला, बिल्कीसला, सांगून गजाला घरी आली. ती कामं कधी संपलीच नाहीत.

सुरुवातीला याचं तिला फारसं काही वाटलं नाही. सकाळी सायकल काढून ती गावाबाहेरच्या पांदणीनं जाई. वखरामागून चालणारे बगळे, तारेवरचा कोतवाल, तुरीच्या ओळीतून पळणारे तितर पाही आणि दुपारी छापखान्यात बसून लिनोच्या तुकड्यावर कोरी. खिळ्यांच्या उंचीच्या लाकडाला तुकडा चिकटवला की ट्रेडलवर छान छाप उठे. ते छाप ती दोरीवर वाळत घाली. गिऱ्हाईक यायचं, पाहायचं, ‘छान हाय’ म्हणायचं आणि आपलं पावतीपुस्तक घेऊन जायचं.

मग मनकर्णाबाई आल्या.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यातली गोष्ट. तेरवीच्या पत्रिकेला सहसा पुरुष माणूस येतो. ही बाई एकटी आली होती, कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. नवऱ्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. गजाला दिव्याचा ठसा काढायला गेली तेव्हा मनकर्णाबाई दोरीखाली उभ्या राहिल्या होत्या. बैलाच्या पाठीवर बसलेला, दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल त्या बघत होत्या.

“हा आमच्या वावरात ये,” त्या म्हणाल्या. “वखर सुरू झालं का हा आलाच. ते त्याच्यासंगं बोलत. माह्यासंगं येवढं कधी बोलले नाई.” मग छापाकडं बोट करून, “दिवा राहू द्या, माय. हेच टाका.”

गजालानं टाकलं. पत्रिका त्या तालुक्यात गेल्या, नातेवाइकांच्या घरी गेल्या, खुंटीला टोचून राहिल्या. महिन्याभरात दुसरं घर आलं. त्यांना कोतवाल नको होता. त्यांच्या माणसाच्या विहिरीवर खंड्या बसायचा. मग तिसरं आलं, मग येतच राहिली. पिंडाला शिवायला कावळा येतोच, पण हे आपल्या माणसाच्या ओळखीचं पाखरू, असं लोक म्हणू लागले. त्या दोन-तीन वर्षांत त्या मुलखातल्या गावागावातून कर्जात बुडालेली माणसं जात होती आणि कोण कसं गेलं हे गजाला विचारत नसे. ती एवढंच विचारी, “त्यायच्या वावरात कोणतं पाखरू ये?”

या प्रश्नानं माणसं मोकळी होत. आत्तापर्यंत पंचनामा, तलाठी आणि पेपरवाले यांना उत्तरं देऊन थकलेले लोक स्टुलावर बसून भारद्वाजाची चाल सांगत, चंडोल सरळ वर चढून कसा गातो ते हातानं दाखवत. एकदा एका पोरक्या झालेल्या तरुणानं टिटवी जखमी झाल्याचं सोंग करून माणसाला अंड्यांपासून कशी दूर नेते, ते छापखान्यात चालून दाखवलं. गजालाला हसू आलं, तोही हसला आणि मग परत स्टुलावर जाऊन बसला. त्या रात्री ती ताटावरून उठून दोरीखाली जाऊन उभी राहिली. आपले सगळ्यांत चांगले ठसे कशातून येताहेत, हे तिला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. आणि दिसूनही हात थांबत नव्हता. उलट तो सुधारत चालला होता.

गावानंही ते पाहिलं. बारशाच्या पत्रिका यायच्या बंद झाल्या. लग्नाच्या आल्या तर ‘पाखरू नोको’ एवढं आधी सांगून येत; पंजाबरावच तेवढे ते सांगायचे राहिले होते. पूर्वी जे तिचे छाप मागून नेऊन भिंतीला लावत, त्यांनी ते गुपचूप उतरवले. सकाळी ती सायकल घेऊन पांदणीनं निघाली की वावरातल्या बाया काम थांबवून बघत, आज ही कोणाकडं चालली म्हणून. हळूहळू तिनं जाणं सोडलं. लोकांनी सांगितलेली पाखरं ती घरात बसून कोरू लागली. अकोल्याहून शाकीबनं एक स्थळ आणलं होतं. मुलाच्या आईनं चहा घेतला, दोरीकडं पाहिलं आणि ‘लड़की मय्यत का काम करती क्या?’ एवढंच बिल्कीसला विचारलं. बिल्कीसनं त्या दिवशी दोरी सोडून टाकली.

पंजाबरावांच्या घरच्या त्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत अमरावतीहून भोयर मॅडमचा फोन आला. त्या कॉलेजात तिला शिकवत. विभागातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं, निवड करायला मुंबईहून एक गृहस्थ येणार होते. जे काही केलं असशील ते घेऊन ये, म्हणाल्या.

गजालानं पंधरवडाभर स्वतःसाठी काम केलं. दाराएवढी प्लायवूडची फळी आणली आणि तिच्यावर कापसाची वेचणी संपल्यानंतरचं वावर कोरलं: उभ्या पऱ्हाटीच्या काड्या, भेगाळलेली काळी जमीन आणि कशानं तरी बिचकून एकदम उठलेला पाखरांचा थवा. ट्रेडलला एवढी फळी झेपणारी नव्हती. तिनं कागद फळीवर पसरला आणि चमच्याच्या पाठीनं घासून घासून छाप उठवला. मनगट सुजलं. पण कागद उचलला तेव्हा तिला वाटलं, हे कुणाच्या दारात जायचं नाही, हे माझं आहे. निघताना तिनं तेरवीच्या पत्रिकांचं एक पुडकंही पिशवीत टाकलं. का टाकलं, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

मुंबईचे गृहस्थ सभ्य होते. मोठं चित्र त्यांनी वेळ घेऊन पाहिलं, चांगलं आहे म्हणाले. मग पत्रिका पाहिल्या आणि खुर्ची ओढून बसले. एकेक पत्रिका ते हलक्या हातानं उलटत होते. शेवटी म्हणाले की पूर्ण भिंत यांनाच देऊ, नावंगावांसकट, अशाच्या अशा. हे इथून मुंबईला जाईल, पुढंही जाईल. मोठं चित्र यंदा राहू द्या.

भोयर मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. गजालाला पुन्हा हॉस्टेलची खोली दिसली, कॉलेजातलं मोठं यंत्र दिसलं. आणि मनकर्णाबाईंच्या नवऱ्याचं नाव भिंतीवर टांगलेलं दिसलं, खाली अनोळखी माणसं चहा पीत उभी.

“नावं झाकता येतील?” तिनं विचारलं.

“मग त्यात काय उरलं?” ते म्हणाले. ते चुकीचं बोलत नव्हते, हे तिला कळलं.

तिनं पत्रिका गोळा केल्या. पाखरं माझी आहेत सर, पत्रिका त्यांच्या घरच्या आहेत, असं काहीसं ती बोलली. मॅडमनी पुष्कळ समजावलं. विचारून ये घरोघर, म्हणाल्या. कोणत्या तोंडानं विचारायचं, ते गजालाला सुचेना. मोठं चित्र गुंडाळून ती एसटीत बसली आणि अर्धी वाट सरेपर्यंत स्वतःला शाबासकी देत राहिली. पुढं मात्र तिला रडू कोसळलं. दार उघडं होतं आणि आपणच ते ओढून घेतलं, हे तिला घरी पोचेपर्यंत खुपत राहिलं, नंतरही.

त्या हिवाळ्यात अब्बा गेले. झोपेतच. शाकीब आला, माती झाली. तिसऱ्या दिवशी कुराणखानी उरकल्यावर त्यानं सगळं नीट मांडलं. अम्मी अन् तू अकोल्याला चला. ट्रेडलला भंगारवाला तयार आहे, उद्या टेम्पो घेऊन येईल. माझ्या दुकानाशेजारी कॉम्प्युटरवर पत्रिका करणारे आहेत, तुला काम मिळेल. गजालानं हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारणच उरलं नव्हतं.

शाकीब दुकानासाठी रात्रीच अकोल्याला परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खणांवरची धूळ पुसत असताना ओट्यावर एक म्हातारा येऊन उभा राहिला. त्यानं आपलं नाव बुधाजी सांगितलं. धाकटा मुलगा गेला होता, तेरवीच्या पत्रिका पाहिजे होत्या. आतून बिल्कीस म्हणाली, “बंद है, बोल दे.” बुधाजीनं दाराशी पडलेल्या चपलांचा ढीग पाहिला, भिंतीशी उभी केलेली रिकामी खाट पाहिली.

“तुमच्याइथं कोण गेलं?”

“अब्बा,” गजाला म्हणाली.

तो लगेच मागं सरला. “मंग राहू द्या. मी दुसरीकडं पायतो.”

“बसा, काका,” ती म्हणाली.

तो बसला. गजालानं सवयीनं पाखराचं विचारलं. बुधाजीनं नकाराची मान हलवली. “त्याले पाखरायचं काई नव्हतं, बेटा. वावरात तो जायेच ना. मोटरसायकलचं येड होतं. खोटं कायले सांगू?” मग त्यानं खाटेकडं पाहिलं आणि भाबडेपणानं विचारलं, “तुमच्या अब्बाले कोणतं आवडे?”

गजालाही खाटेकडं वळली. इतक्या घरांना विचारलं. पण जो माणूस तिच्या मागं खाटेवर पडून ती प्रत्येक विचारणा ऐकत होता, त्याला विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

“मले माहीत नाई, काका,” ती म्हणाली.

बुधाजीनं मान डोलावली. “नाई माहीत राहत,” तो म्हणाला.

तिनं खिळे जुळवायला घेतले. मुलाचं नाव, गाव, तिथी. नावाच्या वर जिथं ठसा बसतो, तिथली जागा तिनं कोरी सोडली. ट्रेडलचा खडखडाट ऐकून बिल्कीस दारात आली आणि आत वळली. मधेच टेम्पो येऊन थांबला. गजालानं मशीन न थांबवता हातानंच त्याला जा म्हणून खुणावलं. भंगारवाल्यानं थोडा वेळ वाट पाहिली, शाकीबला फोन लावून पाहिला आणि तो निघून गेला.

शाई ओली होती. आत जागा नव्हती, म्हणून गजाला आणि बुधाजी यांनी पत्रिका उन्हात ओट्यावर ओळीनं मांडल्या. वारा होता. बुधाजी रस्त्याच्या कडेचे खडे वेचून आणत होता आणि एकेका पत्रिकेच्या वरच्या कोऱ्या जागेवर, अक्षरांना धक्का न लावता, एकेक खडा ठेवत होता. बिल्कीसनं दोन कप चहा आणून दोघांच्या मधे ठेवला. पत्रिका वाळेपर्यंत ते दोघं तिथंच बसून राहिले.