शंभराच्या स्टॅम्पावरची फारकत

चार वर्षांत सुप्रिया इंदापूरच्या कोर्टात एकच गोष्ट पक्की शिकली होती. सकाळी लवकर येऊन सावलीतला बाक धरायचा. निकाल लागो न लागो, ऊन तर लागत नाही.

दावा पोटगीचा होता. नवरा दिग्विजय लोणी देवकरला कंपनीत फिटर. त्यानं तिला आणि लेक छकुलीला घराबाहेर काढलं आणि कोर्टात येऊन सांगितलं, ही माझी बायकोच नव्हे. हिचं पहिलं लग्न कायद्यानं मोडलेलंच नाही, आणि ते हिनं माझ्यापासून लपवलं.

यातलं अर्धं खरं होतं, हीच मोठी पंचाईत. पहिल्या नवऱ्याशी, संभाजीशी, तिची फारकत झाली ती बैठकीत, शंभराच्या स्टॅम्पावर, नोटरीच्या शिक्क्यानं. पंच कोण, तर तिचेच वडील आप्पासाहेब. कऱ्हाटीच्या पंचक्रोशीत न पटलेले संसार मोडावेत ते आप्पांनीच. कोर्टाची पायरी नको, वकिलाची फी नको, दोन्हीकडच्यांनी चहा प्यायचा आणि आपापल्या वाटेनं जायचं. त्या कागदाला कायद्यात कवडीची किंमत नाही हे आप्पांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी मिशीवर हात फिरवून ते सोडून दिलं असतं.

यंदा मात्र तिच्या वकील अबोलीताईंनी दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाचा नवा निकाल आणला. पहिली फारकत कच्ची असली, तरी दुसऱ्या नवऱ्यानं सगळं ठाऊक असून लग्न केलं असेल, तर त्याला पोटगी टाळता येत नाही. "त्याला ठाऊक होतं, एवढं आप्पांनी सांगितलं की झालं," त्या म्हणाल्या.

आप्पांना ते सांगता येत होतं. तरी महिनाभर ते तोंड उघडेनात. कारण दिग्विजयचीही पहिली फारकत आप्पांनीच केली होती, तसल्याच स्टॅम्पावर. फारकतवाल्याला फारकतवाली, असं म्हणत सोयरीकही त्यांनीच जमवली. आणि दिग्विजयची ती पहिली बायको, सारिका, आता लासुर्ण्यात दुसऱ्या घरी नऊ वर्षं नांदत होती. पदरात दोन लेकरं. तिच्या फारकतीच्या बैठकीचं नाव काढल्याशिवाय आप्पांना साक्ष देता येत नव्हती.

"तुजं खरं करायला गेलो की तिचं उघडं पडतंय," आप्पा म्हणाले. "ती पोर सुखात हाय, सुप्रे."

सुप्रियाला राग आला. लेकीपेक्षा परकी पोर जड झाली म्हणून आला, आणि आप्पांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. पण छकुलीच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, आणि तो बाप तिला आपली म्हणत नव्हता. ती आप्पांना एवढंच म्हणाली, "तुमी न्हाय बोलला तर मी लबाड ठरते."

आज आप्पा पिंजऱ्यात उभे राहिले. दिग्विजयच्या वकिलानं विचारलं, तुमच्या लेकीच्या पहिल्या लग्नाचं माझ्या अशिलाला सांगितलं होतं, याला पुरावा काय? आप्पांनी कठड्यावरून हात उचलून दिग्विजयकडं बोट दाखवलं.

"ह्याची सोताची फारकत मीच लिवली, साहेब. लासुर्ण्याच्या सारिकाची. त्याच बैठकीत ह्यानं माझ्या लेकीचा स्टॅम्प वाचला, मग लग्नाला व्हय म्हणाला."

दिग्विजयची मान खाली गेली. बाहेर आल्यावर अबोलीताई म्हणाल्या, जमलं. निकालाची तारीख पुढची पडली होती. सुप्रियाला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसती झोप येत होती.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले. लासुर्णे आलं तसे उठले. "उतर. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापरीस आपून सांगू."

सारिका दारात गवताचा भारा सोडत बसली होती, ती उठली आणि आप्पांच्या पाया पडली. "तुमच्यामुळं माझा संसार झाला, आप्पा. बसा, च्या टाकते."

चहा आला. आप्पा कप हातात धरून बसले. शेवटी सुप्रियानंच सांगितलं. कोर्टात काय झालं ते, आणि तो कागद चालत नाही हे. "दिग्विजयकडनं कोर्टातनं फारकत घ्यावी लागंल. मग हितलं लग्न परत लावायचं, रजिस्टर करायचं. मी येते बरोबर. कोर्टात कुठल्या खोलीत जायचं ते मला ठावं झालंय आता."

"नऊ वरसं नांदले की मी हितं." सारिका तिच्याकडं बघतच नव्हती. "आप्पा, मंग मी कुणाची बायकू हाय?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते रडले. सुप्रियानं त्यांना याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. उत्तर द्यायला तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"दिग्विजयची," ती म्हणाली. "कायद्यानं तूच हायेस त्याची बायकू. मी कदीच नव्हते."