खांबाचा हुंकार

पेणकरपाड्यातल्या त्या जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दर्शनाच्या गर्दीने मुंगी शिरायला जागा नव्हती. मधल्या खांबाला चक्क पोट सुटलं होतं. वर भजन रंगलं की खांबातून खोल 'हुंऽऽ' उमटायचा आणि भेगेतून लालसर पाणी झिरपायचं.

"भगवान आ रहे हैं, भाई!" कुणीतरी ओरडलं.

"पूर्वी एकदा खांबातूनच आला होता ना?" पहिल्या मजल्यावर मठ थाटलेले हुंकारनाथ महाराज गरजले. "रविवारी सगळे वर या. जेवढं जोरात नाचाल, तेवढा लवकर प्रकटेल!"

आरतीचा मान त्याच इमारतीत राहणाऱ्या अनसूयाबाईंना होता. नवरा गेल्यापासून त्यांना असं कुणी पुढे बसवलं नव्हतं.

त्यांची मुलगी संपदा इमारतींच्या मजबुतीचा हिशोब करणारी इंजिनिअर. शनिवारी खांब तपासून ती वर घरी आली आणि लॅपटॉप उघडून बसली.

"आई, हा आपला खांब. हिशोबासाठी याचे बारीक बारीक तुकडे पाडलेत, गंजून उरलेल्या सळया आहेत तशाच धरल्यात. आता वरचं वजन थोडं थोडं वाढवतेय."

पडद्यावरचा हिरवा खांब पिवळा झाला. मग लाल होत एका अंगाला वाकला आणि आकडे थांबले.

"पुढचं उत्तर?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"येत नाही. त्यापुढे खांब उभाच राहत नाही."

"अगं, पण लोक रोज नाचतात. काही होत नाही!"

संपदाने प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरली. "दाब वरून."

अनसूयाबाईंनी दाबली. पट्टी ताठ. आणखी दाबली, तरी ताठच. अजून जराशी, आणि ती सटकन वाकून हातातून निसटली. त्या दचकल्या.

"काल पेललं म्हणून आज पेलेल असं नसतं, आई. भार जरासाच वाढतो, वाकणं एकदम वाढतं."

रविवारी अनसूयाबाई जिन्यात वाट अडवून उभ्या राहिल्या. "वर कुणी जायचं नाही."

"देवाला अडवताय?" महाराज भडकले.

"छे! तुम्ही खाली खांबाला टेकून बसा, आम्ही वर नाचतो. पहिलं दर्शन तुम्हालाच."

महाराजांनी नजर चुकवली. "मला... खाली ओल सोसत नाही."

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"आतली सळई गंजलीय," संपदा म्हणाली. "गंज फुगून काँक्रीट फोडतोय. लाल पाणी त्याचंच. आणि वर नाच सुरू झाला की खांब दबून करकरतो. म्हणून तर हुंकार हवा असला की महाराज तुम्हाला नाचायला लावायचे."

लोकांनी पोरंबाळं उचलली. इमारत रिकामी झाली. खांबाला आधार द्यायला मागवलेले लोखंडी टेकू पोचायच्या आत तो फुटला आणि मठाची फरशी मोटारींवर कोसळली. आत कुणीही नव्हतं. अनसूयाबाई रस्त्यावर उभ्या होत्या. लेकीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

देव मानायचा तर माना. पण खांब फुगला, भिंत भेगाळली, तर हार घालू नका. जाणकाराला बोलवा, आणि तो येईपर्यंत बाहेर पडा.