भोईवाड्यातल्या चाळीचा फळा आणि शामरावांची परात

मी एक जुना फळा आहे, पण मोडीत निघालेला नाही. भोईवाड्यातल्या एका चाळीच्या जिन्याखाली मी ऐटीत उभा असतो. चाळीतल्याच दौलत सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून घडवले, तेही इतके चोख की आजवर माझा एक सांधा हललेला नाही. दर दसऱ्याला मला काळा रंग आणि झेंडूची माळ मिळते. चाळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, नाही असे नाही. पण निम्म्या लोकांनी त्याचा आवाज बंद करून ठेवलाय. मला टाळून मात्र कोणालाही जिना चढता येत नाही!

मित्रांनो, माझ्यावर काय लिहायचे ते चाळीचे सेक्रेटरी शामराव ठरवतात. त्यांचा हात हल्ली कापतो, म्हणून दोन वर्षांपासून मनवा लिहिते. मनवा पाचवीत आहे आणि तिचे अक्षर मोत्यासारखे आहे. मला तिचा फार लळा लागला. पण शहाणपणाच्या भरात तिने एकदा माझी पार फजिती केली. त्या आठवड्यात शाळेत समानार्थी शब्द शिकवले होते. शामरावांनी सांगितले, "उद्या पाणी येणार नाही, लिही." आणि बाईसाहेबांनी लिहिले, "उद्या जलाभाव. तोयसंचय करावा."

लोकांना वाटले, आजचा सुविचार आहे. कोणी मान डोलावली, कोणी फोटो काढला. पाणी मात्र कोणीही भरून ठेवले नाही. दुसऱ्या दिवशी चाळीत काय हलकल्लोळ झाला, ते विचारू नका. शामरावांनी मनवाचा खडू काढून घेतला आणि ती जिन्यात बसून मुसमुसून रडली.

तिसऱ्या मजल्यावर सुनेत्राबाई राहतात. त्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांनी मनवाला आणि चाळीतल्या पोरांना संध्याकाळी माझ्यासमोर बसवले. माझ्यावर पाणी, जल, नीर, उदक, तोय असे शब्द लिहिले आणि विचारले, "अभिषेकाला काय म्हणाल? कवितेत कोणता शब्द शोभेल? आणि नळाला?"

"नळाला पाणीच!" पोरे ओरडली.

"बरोबर. अर्थ सारखा असला तरी प्रत्येक शब्दाची जागा वेगळी. शब्द भरपूर गोळा करा. पण लिहिण्याआधी बघा, तो कोणासमोर जाणार आहे आणि त्याचं काय करणार आहे."

महिनाभर ही शिकवणी चालली. मग सुनेत्राबाईंच्या शब्दाखातर शामरावांनी खडू परत दिला, पण अट घालून. "मी सांगेन तेच लिहायचं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर खडू कायमचा बंद."

एका रविवारी शामराव तणतणत खाली आले. "मनवा, लिही. आमची पितळी परात चोरणाऱ्याने ती मुकाट्याने आणून द्यावी."

परात शेवटची कोणी नेली होती, ते अख्ख्या चाळीला ठाऊक होते. चाळीतल्याच जाईबाईंनी, पणतीच्या बारशाला. आणि नेमक्या त्याच वेळी जाईबाई पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. गिरणीत राबून चार मुले वाढवलेली ती बाई. तिच्याकडे आजवर कोणी बोट दाखवले नव्हते.

मनवाने "आमची पितळी परात" इतके लिहिले आणि खडू थांबला. ती मनात शब्द तोलत होती. नेली, उचलली, लांबवली, पळवली, चोरली. प्रत्येक शब्दात परात घराबाहेरच जाते, पण माणसावर पडणारा डाग वाढत जातो. हे त्या पोरीला कळत होते आणि खडू गमावायची भीतीही वाटत होती.

तिने लिहिले, "कोणाकडे राहून गेली असल्यास कृपया आणून द्यावी."

"हे मी सांगितलं का?" शामराव कडाडले.

"काका, चोरली लिहिलं तर कोणालातरी चोर म्हटल्यासारखं होईल. आपल्याला तसं पक्कं माहितीये का?"

"मला अक्कल शिकवतेस? बस झालं. खडू बंद!"

त्यांनी खडू हिसकावला, माझ्यावरचे "कोणाकडे"पासून पुढचे सगळे पुसले आणि थरथरत्या हाताने स्वतःच लिहायला लागले. "चो" इतके लिहून झाले, तेवढ्यात त्यांची पत्नी सुभद्राबाई हिंदमाताच्या कापडबाजारातून ब्लाऊजपीस घेऊन परतल्या. त्यांनी मला वाचले आणि कपाळाला हात लावला.

"अहो, हे काय मांडलंय? परात माळ्यावर आहे. जाईबाईंनी बारशाच्या दुसऱ्याच दिवशी घासूनपुसून आणून दिली. मला विचारायचं तरी!"

हे सगळे ऐकत जिन्यात थांबलेल्या जाईबाई सावकाश शेवटची पायरी उतरल्या. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत होता.

"शामराव, 'चो' माका वाचूक येता हां."

शामरावांना मान वर करवेना. त्यांनी "चो" हाताच्या पंजानेच पुसला आणि मग खडू मनवापुढे धरला.

"लिही. परात घरातच होती. शामरावांची..."

मनवाने हळूच विचारले, "काका, गैरसमज लिहू? की नजरचूक?"

शामराव जाईबाईंकडे बघत म्हणाले, "नको. चूक लिही. मोठ्या अक्षरात."

तो शब्द माझ्यावर तीन दिवस होता. पुसायला कोणी आले की शामरावच म्हणत, "राहू दे."

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, दसऱ्याला रंग द्या, एवढे तर तुम्ही कराच. पण शब्दांनाही जपा. ते पुष्कळ जमवा, आणि कोणाच्या नावापुढे लिहायची वेळ आली की मनवासारखा खडू क्षणभर थांबवा.