अंकुश तोडकरची बढती

अंकुश तोडकर मेल्यानंतर मी त्याला तीनदा बढती दिली आणि प्रत्येक बढतीला माझं घर लांबलं. पहिल्यांदा चौदा फुटांनी, दुसऱ्यांदा एकशे दहा फुटांनी. तिसऱ्यांदा किती लांबलं त्याची मोजणी बरेच दिवस चालली. मोजणी अंकुशच करतो. जिवंतपणी तो सरकारी मोजणीदार होता आणि मेल्यावर त्याला दुसरं काही सुचत नाही.

माझं घर सांगलीत, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. अंकुश माझा शाळेपासूनचा मित्र. शेरेवाडीत आमदार विश्वासराव डुबल यांच्या कारखान्यासाठी त्याने एक बांध नकाशावर जरा सरकवून दाखवायचा होता. तो नाही म्हणाला. आठ दिवसांनी त्याची मोटरसायकल कालव्याच्या कडेला सापडली, तो सापडला नाही. पोलिसांनी बेपत्ता असं लिहिलं आणि हात झटकले.

महिन्याभराने सकाळी चहा करायला गेलो तर तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. मांडीवर मोजणीची साखळी होती, ओठ पानाने लाल होते. उसाच्या चरकात सापडून शेंडा गेलेली करंगळी तशीच होती.

"गट नंबर दोनशे चौदा," तो म्हणाला. "पूर्वेच्या बांधापासून अकरा फूट आत. लिहून घे."

मी लिहून घेतलं. मग त्याला विचारलं की हे तू तुझ्या बायकोला, शालनला का सांगत नाहीस.

"तोंडी धरत न्हाईत. कागदावर यायला पायजे."

खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करता येत नाही. एक चिठ्ठी लिहून शालनवहिनींच्या हातात दिली असती तर काम संपलं असतं. पण मी कादंबरीकार आहे, त्यामुळे मी कादंबरी लिहायला घेतली.

प्रकाशक बेहेरे यांनी पुण्याहून फोन केला. पन्नास पानं वाचून त्यांना जांभई आली होती. मोजणीदाराच्या खुनाची राजकीय थरारकथा होत नाही, त्याला निदान कलेक्टर तरी करा, असं त्यांचं म्हणणं. राजकीय थरारकथा कशी होते ते त्यांनी मला दोन वाक्यांत शिकवलं. मरणारा मोठा लागतो, मारणारा कुणीही चालतो. आणि प्रेत कुठे आहे ते शेवटच्या पानाआधी फुटता कामा नये. या माणसाने आयुष्यात एकही प्रेत पाहिलेलं नाही. तरीही मी त्यांचं ऐकलं.

अंकुशला कलेक्टर केला त्या दुपारी स्वयंपाकघराच्या मागे एक पोर्च आलं आणि त्यात पांढरी गाडी उभी राहिली. कलेक्टरला पान शोभेना म्हणून मी ते काढून टाकलं. स्टुलावर बसलेल्या अंकुशचे ओठ फिकट झाले. मग बेहेरे म्हणाले, मंत्री करा. पोर्चच्या पुढे भेटायला आलेल्यांना ताटकळत ठेवायच्या सहा खोल्या लागल्या. अंकुशच्या करंगळीला नवा शेंडा फुटला. तो बोट डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत बसला आणि मग साखळी उचलून नवीन खोल्या मोजायला गेला. शेवटी मी त्याला मुख्यमंत्री केला. मुख्यमंत्र्याच्या पत्नीचं नाव शालन ठेवून चालणार नव्हतं, मी ते बदललं. तेव्हापासून शालन म्हटलं की अंकुश विचारतो, कोण शालन?

मला माझी किळस आली. ती मी तिसऱ्या प्रकरणात वापरली.

शालनवहिनी दर गुरुवारी येत. त्यांच्या हातात पहार असे. ती त्या दाराशी चपलांच्या शेजारी उभी करत आणि खुर्चीच्या कडेवर बसत. खुनी कोण, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

"कुणी मारलं ते मला ठावं हाय, भावजी. कुठं ठिवलाय तेवढं सांगा."

"गट नंबर शेवटच्या पानावर आहे, वहिनी."

"शेवटचं पान कधी?"

मी म्हणे, होईल, होईल. तोंडी धरत नाहीत, असंही एकदा त्यांना ऐकवलं. अंकुशचा नियम मला फार सोयीचा पडला. वहिनी मान डोलवत आणि पहार घेऊन परत जात. सुरुवातीला त्यांना शेरेवाडीहून यायला एसटीने तास लागायचा. तिसऱ्या बढतीनंतर त्या पायी यायला लागल्या, माझ्या मागच्या दारातून. त्याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. घर मोठं झालं की दारं जवळ येतात, एवढंच मनात आलं.

माझ्या कादंबरीत मुख्यमंत्र्याचा खून होणार ही बातमी सांगलीच्या पेपरात आली आणि खून करून घ्यायला माणसं येऊ लागली. सकाळी दहा ते एक. मी त्यांना चहा देत नसे. आजी आमदार, माजी आमदार, एक झेडपी अध्यक्ष, एक दूध संघाचे चेअरमन. प्रत्येकाकडे शिफारसपत्र. अंत्ययात्रेला गर्दी किती दाखवणार, विरोधक ढसाढसा रडतील ना, पुतळा कुठे बसवणार, एवढीच त्यांची चौकशी. मरून कसे पडू ते दाखवायला ही थोराड माणसं माझ्या सतरंजीवर आडवी होत आणि एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघत. खुनी व्हायला एकाचाही अर्ज आला नाही. हयातभर जे केलं ते कागदावर करायची यांना लाज वाटते.

शेवटी विश्वासराव डुबल आले. बरोबर चाळीस माणसं आणि मरणाच्या दृश्यासाठी तयार हार. ते सतरंजीवर इतके सफाईने पडले की बाकीचे टाळ्या वाजवून निघून गेले. बेहेरे यांना संध्याकाळपर्यंतही धीर नव्हता, डुबलनाच घ्या असा त्यांचा फोन आला. डुबल तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत पुस्तक लावतो म्हणाले होते. ज्याने बांध सरकवायला सांगितला त्यालाच मी त्या बांधापायी मेलेल्याची जागा द्यावी, असं ठरत होतं. मी बेहेरे यांना हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "वाचकाला धक्का बसेल."

मी डुबलना घेतलं.

खून मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यातल्या दिवाणखान्यात होणार होता. हा दिवाणखाना माझ्या घराच्या अगदी शेवटी होता, म्हणून मी लिहायचं टेबल तिथे हलवलं. चालत जायला मला सकाळचे पाच तास लागले. वाटेत मी सहा खोल्यांतली ताटकळणारी माणसं ओलांडली, ती अजून तशीच बसली होती. डुबल गालिच्यावर शाल पांघरून आधीच पडले होते.

गुरुवार होता. शालनवहिनी मागच्या दाराने आल्या. या वेळी त्यांनी पहार दाराशी ठेवली नाही.

"नंबर आला का, भावजी?"

मी म्हणालो, हे शेवटचंच पान आहे, आता फक्त डुबलसाहेब मरायचे राहिलेत. त्यांनी जमिनीवर पडलेल्या माणसाकडे एकदा बघितलं. खुर्ची होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

एवढ्यात साखळीचा आवाज आला. माझ्या स्वयंपाकघरापासून निघालेला अंकुश मोजत मोजत दिवाणखान्यात पोचला. अंगावर खादीचा कडक सदरा, दहाही बोटं धड. पूर्वेच्या खिडकीखालून शेरेवाडीचा बांध जात होता, त्याने साखळीचं टोक तिथे टेकवलं आणि मोजत आत आला. माझ्या खुर्चीच्या पायाशी थांबला.

"अकरा फूट," तो म्हणाला. "मोजणी पुरी झाली."

त्याने तिथे एक हद्दीचा दगड ठेवला, खिशातून लाल रंगाची डबी काढली आणि दगडावर काडीने लिहिलं, २१४. वहिनींना अंकुश दिसत नव्हता. पण दगड दिसला आणि आकडा त्यांना वाचता येत होता. कागद नसला तरी ते लिहिलेलं होतं.

त्यांनी पदर खोचला.

"भावजी, पाय वर घ्या."

मी पाय वर घेतले. पहिल्या घावाला फरशी फुटली. डुबल डोळे न उघडता विचारत होते की हे शेवटच्या पानात आहे का. मी त्यांना गप्प पडून राहायला सांगितलं. वहिनींनी तिसऱ्या घावानंतर पहार बाजूला टाकली आणि हाताने माती उपसायला लागल्या. माती ओली होती. थोड्या वेळाने त्या थांबल्या. मातीतून एक हात कोपरापर्यंत वर आला होता आणि त्याच्या करंगळीला शेंडा नव्हता. वहिनींनी ती करंगळी पदराने पुसली आणि मुठीत धरली.

अंकुश वाकून बघत होता. त्याने स्वतःची धड करंगळी डोळ्यांसमोर धरली, मग खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"हा कोण?" त्याने मला विचारलं.

वहिनी मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. तोंडी उत्तर त्याने धरलं नसतं. मी पेनाचं टोपण काढलं.