यजमान घरात आहेत

टेलरमास्तर कॉलरला टीप मारत होते, मुलगी काजं करत होती आणि तिची आई मोरीत भांडी घासत होती. तेवढ्यात दारात मेळावा समितीची माणसं येऊन उभी राहिली. सर्वांत पुढे अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले. त्यांनी घाम पुसला आणि आदबीनं विचारलं, "वहिनी, यजमान आहेत का?"

"आहेत की," ती हात पुसत बाहेर आली. "या ना, आतच आहेत."

समितीनं टाळ्या वाजवल्या.

मास्तरांचं बिऱ्हाड या गल्लीत नवं होतं, त्यामुळे एक साधी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या मुलांसाठी मेळावा व्हायचा. स्टेज, लाउडस्पीकर, शर्यती, बक्षिसं, झाडून सगळ्यांना आइस्क्रीम. खर्च मात्र एकाच घरानं करायचा आणि त्या घराला यजमानपदाचा मान मिळायचा. समिती दारोदार जाऊन विचारायची, "यजमान आहेत का?" जाणत्या बायका सांगायच्या, "यजमान बाहेरगावी गेलेत." नवरा काय आणि मान काय, एका वाक्यात दोघांची बोळवण. तीनमजली घराचे मालक असे कित्येक उन्हाळे बाहेरगावी होते. आतून त्यांचा खोकला ऐकू यायचा. समिती खोकल्याला नमस्कार करून पुढच्या दारी जायची.

संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या फळ्यावर 'यजमान : टेलरमास्तर' असं रंगीत खडूनं लिहून झालं होतं, भोवती वेलबुट्टीसकट.

घरात पैसे नसते तर प्रश्न नव्हता. पण होते. मुलीला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि त्याची फी कपाटातल्या डब्यात होती. "मी आपलं खरं ते सांगितलं," असं म्हणून तिची आई रडत राहिली. नवरा घरात असल्याचा तिला एवढा पश्चात्ताप पूर्वी कधी झाला नव्हता.

मास्तर हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि खिळ्यांच्या बरण्यांकडे बघत त्यांनी झालेला घोटाळा सांगितला. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. सक्ती मुळीच नाही, म्हणाले. मागे इस्त्रीवाल्यानं मान नाकारला, तेव्हा त्याला कोणी वाकडा शब्द बोललं का? हे खरंच होतं. त्या दिवसापासून सगळी गल्ली फक्त चुरगळलेले कपडे घालू लागली. इस्त्रीवाल्यानं गाशा गुंडाळला, तेव्हा त्याला निरोप द्यायलाही सगळे जमले होते, चुरगळलेले.

"शिक्षण काय हो मास्तर, पुढच्या वर्षीही आहे," अध्यक्ष म्हणाले. "उन्हाळा वर्षातून एकदाच येतो."

प्रवेशही वर्षातून एकदाच येतो, हे मास्तरांना घरी पोचल्यावर सुचलं.

"बाबा, मी जाऊन सांगते त्यांना," मुलगी म्हणाली.

"आणि मग आपल्याकडे कपडे कोण टाकणार?"

"दुसऱ्या गल्लीतले टाकतील."

"दुसऱ्या गल्लीतही मेळावा असतो गं."

थोड्या वेळानं तिनंच डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला, कारण बापाचा हात कपाटापर्यंत जात नव्हता.

मेळावा झकास झाला. आइस्क्रीम कमी पडलं नाही. तीनमजली मालक बाहेरगावाहून वेळेवर परतले आणि त्यांनी तीन कप घेतले. मोठ्या मुलींच्या शर्यतीत मास्तरांची मुलगी पहिली आली. तिला तिच्याच फीच्या पैशांतून आणलेली कंपासपेटी बक्षीस मिळाली. ती देताना अध्यक्षांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "खूप शिक," असा आशीर्वाद दिला. ती दुसऱ्या दिवसापासून मशीनवर बसू लागली.

माजी यजमान आपोआप समितीवर येतो. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याची सभा मास्तरांच्याच दुकानात भरली. यंदा कोणाचं दार गाठावं, असा प्रश्न निघाला. मग सभेत कधी तोंड न उघडणारे मास्तर म्हणाले, "रिक्षावाले बघा. बायको नवखी आहे. तिला अजून बोलायचं कळत नाही."

मशीन थांबलं. "बाबा, त्यांच्या मुलाची परवाच कॉलेजात निवड झालीय."

"मान आहे तो," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाले. "एकट्यालाच मिळाला, असं व्हायला नको."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुष्टावाही नव्हता. एकट्यानं लुटलं जाण्यापेक्षा सगळ्यांनी लुटलं जाणं त्यांना जरा सुसह्य वाटत होतं, एवढंच.

समिती उठली. मुलगी दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली. कोणी तिच्यावर ओरडलं नाही.

"बाजूला हो बाळ," अध्यक्ष मायेनं म्हणाले, "ऊन चढतंय."

ती क्षणभर उभी राहिली. मग वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती बाजूला झाली. समिती रस्त्याला लागली. गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर तुमच्याआमच्यासारखं एकेक भलं माणूस येऊन उभं होतं. समिती आपलं दार ओलांडून पुढे गेली की ते सुटकेचा श्वास टाकत होतं, आणि पुढच्या घरात कोण राहतं हे ठाऊक असूनही आत जात होतं.