गाळलेले पहिले पान

मित्रांनो, चित्रकला शिकवणारे मी एक जुने पुस्तक आहे. माझ्या मुखपृष्ठावरच्या सफरचंदाचा रंग इतका उडाला आहे की लोक त्याला बटाटा समजतात. मला त्याचे काही वाटत नाही. मला एकूणच फारसे काही वाटत नाही.

छापखान्यात माझी पाने शिवली गेली, खळ लागली आणि मी दुकानाच्या काचेत उभा राहिलो. सुरुवातीला मुलांनी मला हाताळले, कौतुक केले. मग नवी, चकचकीत पुस्तके आली आणि मी रद्दीत गेलो. तिथून मला एका बाईने उचलले.

तिचा नवरा न्हावी. दाढी होईस्तोवर गिऱ्हाइकाला साऱ्या जगाची खबर सांगणारा, म्हणून गल्लीत त्याला ‘रेडिओ’ म्हणत. एके दिवशी दुकानातच त्याला झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. दुसऱ्याचे बोलणेही त्याला कळेना, अक्षरे ओळखू येईनात. डॉक्टर म्हणाले, “शब्द पोचत नसतील तर चित्रं काढून दाखवा.”

बाईने आयुष्यात कधी चित्र काढले नव्हते. माझ्या पहिल्या पानावर नुसती वर्तुळे आहेत. ती जमल्याशिवाय पुढे जाऊ नका, असे मी तिथे ठळक अक्षरांत सांगितले आहे. पण तिला घाई होती.

“गोल गोल काढत बसायला मी काय बालवाडीत आहे?” असे म्हणून तिने ते पान उलटले आणि थेट कपावर आली. तिचा कप बघून नवऱ्याने पलंगाखालच्या चपलेकडे बोट दाखवले. एरवी ती पोट धरून हसली असती. आता तिने तो कप खोडला आणि दुसरा काढायला घेतला.

तिचे हसू गेले होते आणि रडूही. अंग पुसणे, औषध देणे, चादर बदलणे, चित्र काढणे, सगळे ती यंत्रासारखे करी. सासरी असलेल्या मुलीचा रोज फोन येई.

“बाबा कसे आहेत?”

“आहेत.”

“जेवले का?”

“जेवले.”

फोन ठेवून ती पुन्हा कामाला लागे.

एक दिवस नवऱ्याने डाव्या हातात पेन्सिल धरली आणि एक वेडावाकडा गोल काढला. बाई उठली. तिने वाटी आणली. त्याने मान हलवली. मग गोळी आणली, घड्याळ आणले, दुकानातला गोल आरसाही आणला. तो आपला गोलाशेजारी गोल काढतच राहिला.

“अहो, काय हवंय तुम्हाला? मला नाही हो कळत!” ती ओरडली.

त्याने मला ओढून घेतले. डाव्या हाताने एकेक पान मागे उलटत तो पहिल्या पानावर आला आणि छापील वर्तुळांवर बोट ठेवले. मग आपल्या वर्तुळांवर ठेवले. त्याला काहीच नको होते. तो धडा गिरवत होता.

ती त्याच्याजवळ बसली. तिनेही पेन्सिल घेतली आणि त्याच्या वर्तुळांशेजारी पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर दोघे रोज शिकू लागले. रेषा झाल्या, चेहरे झाले, हातपाय झाले. फार सुंदर काही नव्हते, पण कप आता कपासारखा दिसू लागला होता.

मग एका दुपारी त्याने आपल्या मनाने पहिले चित्र काढले. एक बाई बसली आहे, पुढे ताट आहे, ताट रिकामे आहे. त्याने बोट चित्रातल्या बाईवर ठेवले, मग समोरच्या बाईकडे नेले आणि हात तोंडाशी नेऊन भुवया उंचावल्या.

तू जेवलीस का?

तिने त्या ताटाकडे पाहिले. मग ‘नाही’ म्हणून मान हलवली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला रडू फुटले.

मित्रांनो, मला जपा, माझी पाने फाडू नका, असे मी म्हणायला हवे. पण पाने फाटली तरी चिकटवता येतात. माझे मागणे वेगळे आहे. आजाऱ्याची चौकशी सगळेच करतात. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसालाही कधी तरी विचारा.