व्हॅनिलाच्या शेंगेवरची खूण

मी बोलतोय, बुचाचा एक तुकडा. अंगात सात टाचण्या खोचलेल्या आहेत. मादागास्करच्या ईशान्येला, व्हॅनिलाच्या गावांत, घरटी माझ्यासारखा एक असतो. शेंग वेलीवर हिरवी असतानाच तिच्या सालीवर मालकाची खूण टोचायची, एवढंच माझं काम. मग शेंग उकळा, उन्हात घाला, काळी पडून सुरकुतू द्या. खूण जात नाही. चोरलेला माल तिच्यावरूनच पकडतात.

माझी मालकीण सोआवेलो. एकटी बाई. व्हॅनिलाचा वेल मूळचा दूरदेशीचा. त्याच्या फुलांत शिरणाऱ्या तिथल्या माश्या इथे कधी आल्याच नाहीत, म्हणून माशीचं काम ती करते. फूल एकच सकाळ उमलतं. लिंबाच्या काट्याने एकेक फूल फळवायचं, तेही दुपारच्या आत. पुढे नऊ महिने राखण. त्या वर्षी वादळाने तिचं छप्पर नेलं होतं. नवे पत्रे या शेंगांतूनच यायचे होते.

टोचणीच्या दिवसांत तिचा धाकटा भाऊ जाओतोंबो कुंपणाशी आला.

"ताई, माझं बूच उंदराने कुरतडलं. तुझं दे ना."

"नवं कर की, आळशा."

"आणि तोवर चोर माझी वाट बघत बसेल? एका आईची लेकरं आपण. खूण एक झाली म्हणून काय बिघडतंय?"

ती हसली. मला त्याच्या हातावर ठेवत म्हणाली, "टाचणी वाकवलीस तर कान उपटीन."

मी त्याच्या शेंगांवरही तिचीच खूण टोचली. तिचा भरवसा माझ्यापेक्षा भावावर जास्त होता.

काढणीच्या तोंडावर ती तीन दिवस तापाने पडली. उठून मळ्यात गेली तर वेल ओरबाडलेले. पंधरा दिवसांनी जाओतोंबोच्या अंगणात चटयांवर शेंगा वाळत होत्या. त्याच्या दहा वेलींना जन्मात लागल्या नसत्या एवढ्या.

गाव जमलं. म्हाताऱ्या मुखियाने एक शेंग उचलली, डोळ्यांजवळ धरली.

"माझी खूण आहे ही!" सोआवेलो म्हणाली.

"माझीही तीच आहे, आजोबा," भाऊ म्हणाला. "विचारा, बूच कुणी दिलं मला."

"अरे, अर्धी फुलं तर तू झोपेत वाळवलीस! शेंगा काय उशाखाली लागल्या?"

लोक हसले. मुखिया हसला नाही. "खोटं कोण बोलतंय ते मला दिसतंय, पोरी. पण आपल्या गावात निवाडा खुणेवर होतो. आणि खूण दोघांची आहे."

मला पुढे आणलं गेलं. टाचण्या भोकांवर टेकवल्या. तंतोतंत बसल्या. मी खरी साक्ष दिली आणि तिचाच घात केला.

माल भावाकडेच राहिला, मग दलालाने नेला. कुठल्या तरी शहरात त्याचं आईस्क्रीम झालं असेल. सोआवेलोचं छप्पर अजून पाल्याचंच आहे. ओल आली की भिंतीतल्या खोबणीत माझ्या टाचण्या गंजतात.

यंदा तिने मला हातही लावला नाही. ती शेंगा टोचत नाही. पिकायच्या आधीच, हिरव्याकच्च तोडते आहे. कच्ची शेंग वास धरत नाही, दलाल ती निम्म्या भावातही घेत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? तरी तोडते. कुंपणापलीकडून भाऊ ओरडतो, "ताई, महिनाभर थांब गं, वाया घालवतेस!"

ती मान वर करत नाही. पुढची शेंग तोडते.